मळ्यावरचा पाहुणा

कोल्हापूर जिल्ह्यात पन्हाळा, राधानगरी, गगनबावडा या बाजूंना जाणाऱ्या रस्त्यांवर गेल्या काही वर्षांत ‘कृषी पर्यटन केंद्र’ अशा पाट्या दिसू लागल्या आहेत. शहरातील कुटुंबाने दोन दिवस शेतकऱ्याच्या मळ्यावर येऊन राहावे, त्याच्या घरचे जेवावे, शेतीची कामे पाहावी आणि त्याचा मोबदला रोख द्यावा, असा हा व्यवहार आहे. शेतीच्या जोडीस आजवर जे धंदे सुचविले गेले त्यांत कोंबड्या आल्या, मधमाश्या आल्या, रेशीम आले. आता पाहुणा आला आहे. हा धंदा शेतकऱ्याने करावा काय, या प्रश्नास ‘अवश्य करावा’ असेच उत्तर द्यावे लागेल. परंतु त्यास एक अट आहे, आणि ती अट पाळली न गेल्यामुळे कित्येकांचे हात पोळण्याचा संभव असल्याने तिची चर्चा येथे करावयाची आहे. पाहुणा हे आंतरपीक आहे. उसाच्या सरीत भुईमूग घ्यावा, पण भुईमुगासाठी ऊस उपटू नये. मळा ज्या दिवशी केवळ पाहुण्यांसाठी चालू लागतो, त्या दिवसापासून तो खाणावळ होतो. आणि खाणावळ चालविण्याच्या कामात शहरातला मुरलेला हॉटेलवाला शेतकऱ्यास सहज मागे टाकतो.

हा धंदा जगात नवा नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, पश्चिमेकडील कुरणांच्या मुलखात, त्यास शंभरांहून अधिक वर्षे झाली. तेथे गुरांच्या विस्तीर्ण रानास ‘रँच’ म्हणतात, आणि नीटनेटके कपडे घालून हौसेने आलेल्या शहरी माणसास थट्टेने ‘ड्यूड’ म्हणत. त्यावरून अशा ठिकाणांना ‘ड्यूड रँच’ हे नाव पडले. ईटन नावाच्या तीन बंधूंनी १८७९ च्या सुमारास डाकोटा प्रदेशात मेडोरा गावाजवळ रान धरले. पूर्वेकडील शहरांतून त्यांचे मित्र शिकारीस व हवापालटास येत आणि आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकीत. यजमानाला हा खर्च झेपत नाही हे ओळखून १८८२ साली एका पाहुण्याने आपण होऊन पैसे देऊ केले, असे सांगतात, आणि तेथून या धंद्याचा आरंभ मानला जातो. पुढे १८८६-८७ च्या भयंकर हिवाळ्यात त्या मुलखातील गुरांचे कळपच्या कळप बर्फात गारठून मेले. केवळ गुरांवर भिस्त ठेवण्यात किती धोका आहे हे त्या वेळी सर्वांच्याच ध्यानी आले. १९२६ साली अशा रँचवाल्यांनी आपली संघटनाही स्थापन केली.

यांपैकी वाळवंटातील रँचचे उदाहरण विशेष विचार करण्याजोगे आहे. ॲरिझोना राज्यात ट्यूसॉन शहराच्या आसपास वर्षभरात जेमतेम ३०० मिलिमीटर पाऊस पडतो. हिरवेगार शेत नाही, नदी नाही, धबधबा तर नाहीच. उंचच उंच निवडुंग, धूळ, घोडे आणि मोकळे आकाश एवढेच तेथे दाखविण्यासारखे. तरीही तेथील ‘व्हाइट स्टॅलियन’ नावाचे रँच ट्रू कुटुंबाने १९६५ साली विकत घेतले आणि पाहुण्यांच्या आधारावर ते पुढे चालविले. विकेनबर्ग नावाचे गाव तर स्वतःस ड्यूड रँचची राजधानी म्हणवून घेत असे. अशा ठिकाणी माणसे जातात ती गादीसाठी जात नाहीत. गादी शहरात अधिक चांगली मिळते. सकाळी घोड्यावर खोगीर कसे चढवितात ते शिकावे, घरच्या माणसांबरोबर रपेटीस जावे, संध्याकाळी त्यांच्याच पंगतीस बसून जेवावे, या गोष्टींची ते किंमत मोजतात. म्हणजे विकले जाते ते त्या घराचे रोजचे जिणे.

पण त्याच मुलखातून दुसराही धडा मिळतो. पुष्कळ रँचवर पाहुण्यांची संख्या वाढली, पोहण्याचे तलाव आले, टेनिसची मैदाने आली, आणि गुरे मात्र नावापुरती उरली. घोडे पाळावयाचे ते पाहुण्यास बसविण्यासाठीच. शेकडो एकर रानाच्या मालकास असा पालट परवडत असेल. तो रँचवाला राहिला नाही तरी हॉटेलवाला म्हणून जगतो. कोल्हापूरकडील शेतकऱ्यापाशी दोन-चार एकरांचा तुकडा असतो, तोही भावाभावांत वाटलेला. त्यातील एक एकर हिरवळ आणि कारंज्याखाली गेले तर वर्षाच्या धान्याची आणि वैरणीची तोंडमिळवणी कोठून करावयाची?

या बाबतीत इटलीने केलेली व्यवस्था अनुकरणीय वाटते. त्या देशाने शेतावरील पाहुणचारासाठी १९८५ साली स्वतंत्र कायदा केला आणि २००६ साली त्याची सुधारणा केली. त्याचे मर्म एवढेच की, पाहुणे ठेवण्याचा अधिकार शेती करणाऱ्यालाच आहे, आणि पाहुणचार हा शेतीशी जोडलेला व शेतीपेक्षा कमी प्रमाणात असला पाहिजे. हे प्रमाण कसे ठरवावयाचे? पैशापेक्षा श्रमाच्या वेळेवर त्या कायद्याने विशेष भर दिला आहे. वर्षभरात शेतीच्या कामास किती वेळ लागतो आणि पाहुण्यांच्या सेवेस किती, हे पाहावयाचे. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे माप फारच शहाणपणाचे आहे. कारण पैसा कोठून किती आला हे हिशेबात फिरविता येते, पण घरातील माणसांचे हात दिवसभर कशात गुंतले होते हे घरातल्या सर्वांस ठाऊक असते.

महाराष्ट्रात या धंद्यास संघटित रूप आले ते २००५ च्या सुमारास, बारामतीजवळील पळशीवाडी येथील प्रयोगापासून. राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण स्वीकारले, आणि अशा केंद्रांची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करण्याची सोय झाली. नोंदणी करावी, तिचे लाभ घ्यावे. भिंतीवर प्रमाणपत्र लावल्याने मळा पाहण्यासारखा होत नाही, हे मात्र वेगळे सांगावयास नको.

कोल्हापूरकडे पाहण्यासारखे काय आहे, याची यादी करण्याची गरज नाही. अंबाबाईच्या दर्शनास, जोतिबाच्या डोंगरावर, पन्हाळ्यास लक्षावधी माणसे येतात. २०२५ साली पन्हाळगडाचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाल्यापासून बाहेरच्या लोकांचे लक्ष इकडे अधिकच वेधले आहे. ही माणसे दर्शन घेतात, तांबडा-पांढरा रस्सा ओरपतात, चपला विकत घेतात आणि परत फिरतात. ज्या मुलखातून ती मोटारीने जातात त्या मुलखातील ऊस, भात, म्हैस आणि माणूस यांची त्यांची ओळख होत नाही. खुद्द कोल्हापूर शहराची गोष्ट निराळी आहे. तेथे गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हैस समोर उभी करून धार काढावी आणि फेसाळलेले दूध उभ्या उभ्या प्यावे, ही रीत जुनी आहे. शहरी माणसास गोठ्याजवळ आणण्याऐवजी गोठाच शहरात आणण्याची ही युक्ती कोल्हापूरकरांस फार पूर्वीच सुचली होती!

परंतु या जिल्ह्याचे खरे धन आहे ते गुऱ्हाळ. छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसविली ती मुख्यतः गुळाच्या व्यापारासाठी, आणि तेव्हापासून कोल्हापुरी गुळाचे नाव दूरवर गेले. दिवाळीच्या आगेमागे चुलवाणे पेटतात ती उन्हाळा लागेपर्यंत. हा काळ पाहुण्यांनाही सोयीचा असतो. हवा थंड, रस्ते कोरडे. उसाची मोळी चरकात जाते, रस मोठ्या काहिलीत उतरतो, खाली वाळलेल्या चिपाडांचा जाळ धडधडतो. रस तापू लागला की भेंडीच्या खोडाचा चिकट रस त्यात घालतात. त्याबरोबर मळी वर येते आणि झाऱ्याने ती काढून टाकतात. मग उकळी, मग फेस, मग रंग पालटू लागतो. काकवी कोणत्या क्षणी काढावयाची आणि गुळाची काहील कोणत्या क्षणी उतरावयाची, हे गुळव्या ठरवितो. थंड पाण्यात पाकाचे दोन थेंब टाकून तो बोटांनी गोळी वळून पाहतो, आणि हात वर करतो. त्यासरशी सगळे धावतात. काहील वाफ्यात उपडी होते, आणि तो सोन्यासारखा रस घोटता घोटता घट्ट होऊ लागतो. सामान्यतः शंभर किलो उसापासून दहा ते बारा किलो गूळ पडतो. कोल्हापुरातील प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रात या सर्व क्रियांचा शास्त्रीय अभ्यास होतो. परंतु गुळव्याच्या बोटांचे कसब पाहण्यास आलेला माणूस तासभर जागचा हलत नाही, ही गोष्ट धंद्याच्या दृष्टीने तितकीच महत्त्वाची आहे.

आज या गुऱ्हाळांची संख्या बरीच घटली आहे. ऊस कारखान्याकडे जातो, मजूर मिळत नाहीत, गुळव्यांची पुढची पिढी हे काम धरीत नाही, आणि साखर मिसळलेल्या गुळाशी बाजारात टक्कर द्यावी लागते. सौद्यात जो भाव निघतो त्यात शुद्ध गुळाच्या मेहनतीची भरपाई होतेच असे नाही. अशा वेळी जो पाहुणा डोळ्यांदेखत गूळ होताना पाहतो, तो परत जाताना दोन ढेपा आणि काकवीची बरणी घेऊन जातो, आणि भावावरून घासाघीस करीत नाही. पुढच्या वर्षी तो पत्ता शोधून मागवितो. पाहुण्याच्या मुक्कामाच्या पैशापेक्षाही हा कायमचा गिऱ्हाईक शेतकऱ्यास अधिक मोलाचा आहे. शिवाय चार परकी माणसे काहिलीभोवती उभी असताना साखरेचे पोते आणून ओतणे कोणासही जड जाईल, हा एक आनुषंगिक लाभ!

येथे एक नाजूक प्रश्न उभा राहतो. गुऱ्हाळावर आलेल्या माणसास रस, काकवी, गरम गूळ दिल्यावाचून परत पाठवावयाचे नाही, ही आपल्याकडील रीत आहे. जातिवंत शेतकऱ्यास घरी जेवलेल्या माणसाकडून पैसे घेणे शरमेचे वाटते. प्रत्यक्षात असे होते की, पाहुणा जेवून उठतो, दर विचारतो, आणि यजमान ‘असू द्या हो, काय द्यायचे ते द्या’ म्हणून मोकळा होतो. हा मनाचा मोठेपणा खरा. परंतु त्यामुळे पाहुणाही संकोचतो, आणि घरातील बाईच्या श्रमांवर पाणी पडते. ईटन बंधूंचीही हीच अडचण होती. नात्यातला पाव्हणा आणि पैसे देऊन येणारा पाहुणा हे दोन वेगळे आहेत, हे आरंभीच मनाशी ठरवावे. मुक्कामाचा, जेवणाचा, मुलांचा दर येण्यापूर्वीच कळवावा आणि तेवढाच घ्यावा. गुऱ्हाळावरचा एक पेला रस मात्र हिशेबात धरू नये. रीत मोडून मिळालेले ते दहा-वीस रुपये अंगी लागत नाहीत, आणि त्या पेल्याची आठवण पाहुणा दहा ठिकाणी सांगतो.

कणेरी येथील सिद्धगिरी मठावर ग्रामजीवनाचे जे संग्रहालय उभारले आहे, ते पुष्कळांनी पाहिले असेल. नांगरणारा शेतकरी, लोहार, कुंभार, दळण दळणारी स्त्री असे हुबेहूब पुतळे तेथे मांडले आहेत, आणि ते पाहून शहरी मुले हरखून जातात. मळ्यावर तेच देखावे जिवंत माणसांचे असतात. पुतळ्यास थकवा येत नाही. मळ्यावरील बाईस येतो. पहाटे उठून शेण काढावयाचे, धारा काढून दूध संस्थेत पोचवावयाचे, मुलांची शाळा, मग शेतात भांगलण. त्यावर आता दहा माणसांच्या भाकऱ्या चुलीवर थापावयाच्या, आणि त्याही पाहुण्यांनी भोवती उभे राहून छायाचित्रे घेत असताना. या धंद्याची कीर्ती बहुधा घरधन्याच्या नावे होते आणि त्याचा भार घरधनिणीच्या पाठीवर पडतो. म्हणून तिच्या संमतीवाचून हा धंदा सुरूच करू नये. मदतीस गावातील एखादी गरजू बाई रोजावर ठेवावी, तिची मजुरी दरातच धरावी, आणि उरलेल्या पैशाचा ठरावीक हिस्सा घरधनिणीच्या स्वतःच्या बँक खात्यावर जमा व्हावा. हा हिशेब वहीत लिहिल्याशिवाय पाहुण्यांचा धंदा किफायतशीर आहे की नाही हे सांगताच येणार नाही. फुकटचे श्रम हिशेबात न धरल्यास कोणताही धंदा फायद्याचा दिसतो.

जेवणाच्या बाबतीतही विनाकारण धडपड केली जाते. पाहुण्यास शहरातल्यासारखे मिळाले पाहिजे या समजुतीने पनीर आणि तंदूर यांची सोय करणारे कमी नाहीत. त्याऐवजी ज्वारीची भाकरी, पिठले, खर्डा, परड्यातील माळवे, घरच्या म्हशीचे दही आणि हंगामात काकवी एवढे वाढावे. आजऱ्याकडील शेतकऱ्याने आपल्या घनसाळ तांदळाचा भात करावा; त्याचा सुवासच पाहुण्यास दुसऱ्यांदा वाढून घ्यावयास लावील. या जिन्नसांतील बहुतेक घरचेच असल्याने खर्च कमी, आणि शिजविण्याचा सराव जन्माचा.

आता बांधकाम. सर्वांत मोठी चूक येथे होते. कर्ज काढून आठ-दहा खोल्या, तलाव, रंगीत दिवे उभे करावयाचे आणि मग पाहुण्यांची वाट पाहावयाची. वर्षात शनिवार-रविवारचे दिवस १०४. मुसळधार पावसातील, परीक्षांच्या महिन्यांतील आणि कडक उन्हाळ्यातील वजा जाता त्यांतील निम्मे भरले तरी पुष्कळ झाले. कर्जाचे व्याज मात्र ३६५ दिवस चालते. त्यापेक्षा असलेला सोपा झाडून-सारवून नीट करावा, एक-दोन खोल्या वाढवाव्यात, स्वच्छ व कोरडा संडास आणि गरम पाण्याची न्हाणी यांवर मात्र हात आखडू नये. अंथरूण-पांघरूण धुतलेले असावे. घरी शिवलेली वाकळ पाहुण्यास विलायती रजईपेक्षा अधिक आवडते. दोन वर्षे पाहुणे नियमाने आले, तर तिसऱ्या वर्षी आलेल्या पैशातूनच आणखी एक खोली बांधावी. पंचगंगा, भोगावती, कृष्णा यांच्या काठी देखावा सुंदर असतो हे खरे. परंतु २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी कोठवर चढले होते याची खूण ज्या त्या गावात ठाऊक आहे. त्या खुणेच्या खाली एक वीटही रचू नये.

काही गोष्टी थोडक्यात सांगावयाच्या त्या अशा. उघड्या विहिरीस कठडा व जाळी हवीच. कीटकनाशके कुलपात असावीत. काहील आणि चरक यांच्याजवळ मुलांना दोरीच्या आत येऊ देऊ नये. उकळत्या पाकाचा चटका पाण्याच्या चटक्यापेक्षा फार वाईट असतो, कारण तो अंगास चिकटून राहतो. सर्पदंशावरील लस जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात मिळते, ते अगोदर विचारून ठेवावे. लाळ्या खुरकूत रोग माणसाच्या चपलांबरोबरही एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जातो. गोठ्याच्या दारी चुन्याची फक्की टाकावी, जनावरांना वेळेवर लस टोचून घ्यावी, आणि साथीच्या दिवसांत गोठा दाखविणे सरळ बंद ठेवावे. दारू आणि कर्णे यांस मळ्यावर मज्जाव आहे असे आरंभीच सांगावे. त्यामुळे काही पाहुणे कमी होतील. ते कमी झालेलेच बरे; शेजाऱ्याशी बांधावरून एक तंटा पुरतो, त्यात या तंट्याची भर नको.

पाहुणा आला म्हणून शेतीचे काम थांबवावयाचे की नाही, हा प्रश्न दर आठवड्यास उभा राहील. शेतीपंपांना वीज पुष्कळदा रात्रीच्या पाळीत मिळते. त्या रात्री उसाला दारे धरावयास गेलेच पाहिजे, मग सोप्यावर मुंबईचे कुटुंब झोपलेले असो वा नसो. पाहुण्यास ते आदल्या संध्याकाळी सांगून ठेवावे. ज्याला हौस असेल त्याने पायांत बूट घालून आणि हाती बॅटरी घेऊन बरोबर यावे, सरीतून पाणी कसे पुढे सरकते ते बांधावर उभे राहून पाहावे; ज्याला झोपावयाचे असेल त्याने खुशाल झोपावे. दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा अर्धा तास उशिरा मिळेल, हेही त्याच वेळी सांगावे.